सुधारित चूल बनवताय? मग या चुका टाळा

नवी चूल बनवायला घेतलेला माणूस पहिल्या दिवशी पत्रा कापतो आणि तिसऱ्या दिवशी पाणी उकळून दाखवतो. पाणी तर तीन दगडांवरही उकळतं. बघायचं असतं ते दोन गोष्टींसाठी: लाकूड पुरतं जळतंय का, आणि त्यातून निघालेली उष्णता भांड्यात शिरतेय का. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दोन्ही एकच समजून चालणाऱ्यांच्याच हातून पुढच्या बहुतेक चुका होतात.

भांडं थेट जाळात बसवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. भांडं खाली आणलं की लाकूड कमी लागतं, पाणी लवकर उकळतं आणि चूल जमली असं वाटतं. पण आत पाणी असलेल्या भांड्याचं बूड १०० अंशांच्या फार वर जात नाही. काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड पुरते जळायला मात्र किमान सहा-सातशे अंश तापमान, पुरेशी हवा आणि थोडा वेळ लागतो. अर्धवट जळालेली ज्योत त्या गार बुडावर आपटली की तिथेच विझते, आणि न जळालेला धूर स्वयंपाक करणाऱ्याच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. जळण वाचलं, धूर मात्र वाढला. अर्ध्या तासाने बुडावरून बोट फिरवून पाहा. जाड, मखमलीसारखी मऊ काजळी हाताला लागली तर ज्योत वेळेआधी विझतेय.

यावर उपाय म्हणजे ज्योतीला जागा देणं. रॉकेट पद्धतीच्या चुलीत लाकडाचं तोंड आडवं आणि त्यावर उभी नळी असते. तोंड १२ बाय १२ सेंटिमीटर असेल तर तळापासून नळीच्या वरच्या काठापर्यंत ३० ते ३६ सेंटिमीटर उंची ठेवा.

इथे काहीजण एकदम दुसऱ्या टोकाला जातात. नळी नीट करतात आणि भांड्याखालची फट ८ मिलिमीटरवर आणून ठेवतात, उष्णता 'दाबून' भांड्यात घालायला. मग हमखास काय होतं? धूर लाकडाच्या तोंडातून बाहेर येतो, वापरणारी बाई भांड्याखाली खापराचा तुकडा सारून ते उचलते, आणि सगळं मोजमाप वाया जातं. ३० सेंटिमीटर उंचीच्या गरम नळीची ओढ जेमतेम २ पास्कल असते, म्हणजे पाण्याच्या स्तंभाच्या भाषेत ०.२ मिलिमीटर. इतक्या नाजूक ओढीला कुठेही गळा आवळून चालत नाही.

म्हणून वायूच्या वाटेचं क्षेत्रफळ सगळीकडे सारखं ठेवायचं. १२ बाय १२ म्हणजे १४४ चौरस सेंटिमीटर. नळीच्या काठाची परिमिती ४८ सेंटिमीटर, म्हणून तिथे फट ३ सेंटिमीटर हवी. ३० सेंटिमीटर व्यासाच्या भांड्याचा परीघ साधारण ९४, त्यामुळे बाहेरच्या कडेला दीड सेंटिमीटर पुरते. चुलीचा माथा सपाट न ठेवता नळीपासून बाहेर जाताना वर चढता करावा लागतो, तो याच हिशेबामुळे. हा हिशेब कागदावर पुरा होईपर्यंत पत्र्याला कात्री लावू नये. तेवढा धीर नसेल त्याने चूल करायला घेऊ नये, कारण त्याच्या घाईचा धूर दुसऱ्याच्या घरात भरतो.

'जाड माती उष्णता धरून ठेवते'

धरते खरी, पण भांड्याच्या वाट्याची. २० किलो मातीचं अंग सरासरी २०० अंशांनी तापायला साधारण ३,६०० किलोज्यूल लागतात. ५ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला १,५७० किलोज्यूल पुरतात. म्हणजे पाण्याच्या दुपटीहून जास्त उष्णता मातीच पिऊन टाकते. शिवाय भिंती तापेपर्यंत भट्टी, म्हणजे लाकूड जळतं ती आतली जागा, थंड राहते, त्यामुळे सुरुवातीचा अर्धा तास धूरही जास्त होतो. चूल दिवसभर पेटती राहणार असेल तर हा तोटा कमी होतो. दिवसातून दोनदा तासभर पेटणाऱ्या चुलीत तो रोज दोनदा सोसावा लागतो.

भट्टीभोवती हलकं, हवा कोंडून धरणारं काहीतरी हवं: चाळलेली लाकडाची राख, परलाइट किंवा व्हर्मिक्युलाइट (तापवून फुगवलेली हलकी खनिजं), किंवा मातीत भुसा मळून भाजलेल्या विटा. भाजताना भुसा जळतो आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. वीट चांगली आहे का, हे ठरवायला माझी एकच सवय आहे: मापून वजन करायचं. १ लिटर आकारमानाच्या कोरड्या विटेचं वजन ८०० ग्रॅमच्या आत हवं. साधी भरीव वीट दीड ते दोन किलो भरते. राख वापरलीत तर वरून भर घालायला झाकणाचं भोक ठेवा, कारण ती खाली बसते आणि नेमका सगळ्यात गरम भाग उघडा पडतो.

थोडक्यात सांगण्याजोग्या

भट्टीला साधा पातळ लोखंडी पत्रा लावू नका. त्या तापमानात तो पापुद्रे धरून काही महिन्यांत फुटतो. भाजलेल्या मातीची नळी अखंड करू नका, ती तडकते. तीन-चार तुकडे जोडा आणि सांध्यांना फुगायला वाव ठेवा.

लाकूड थेट तळावर ठेवलं की हवेची वाट बुजते. तोंडाच्या मध्यावर फळी किंवा जाळी बसवा, म्हणजे हवा लाकडाखालून निखाऱ्यांत शिरेल. वरून येणारी हवा ज्योत नुसती गार करते.

भांड्याभोवतीचा पत्र्याचा घेर एकाच मापाचा ठेवू नका. ३३ सेंटिमीटर व्यासाच्या घेरात ३० चं भांडं बसवलं की दीड सेंटिमीटर फट राहते. त्यातच २२ चं ठेवलं की फट साडेपाच होते आणि गरम वायू भांड्याला न शिवताच निघून जातो. घेर सैल-घट्ट करता येईल असा करा.

धुराडं १० सेंटिमीटरपेक्षा बारीक नको. साफ करायला एखादं झाकण हाताला येईल अशा जागी हवंच.

चूल दिली की काम संपलं, असं समजणं

ओडिशात हॅना, दुफ्लो आणि ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत उत्तम ठरलेल्या सुधारित चुलींचा चार वर्षं माग घेतला. पहिल्या वर्षी लोकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, दुसऱ्या वर्षी तो फायदा नाहीसा झाला. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत, त्यांची देखभाल झाली नाही आणि वापर घटत गेला. याचा दोष घरच्यांना देऊन मोकळं होणं मला मान्य नाही. धुराडं साफ करायला छपरावर चढावं लागत असेल, लाकडं मनगटाएवढी बारीक फोडावी लागत असतील, ढवळताना भांडं डगमगत असेल, तर ती चूक आराखड्याची आहे. भांड्याच्या काठावर एका हाताने जोर देऊन पाहा. चूल उचलली गेली तर पाया रुंद करा.

फसवी चाचणी

तुलनेसाठी तीन दगडांची चूल मुद्दाम ढिसाळ पेटवली की नवी चूल छान दिसते. निगुतीने सारलेल्या तीन दगडांच्या जाळाची कार्यक्षमता २० टक्क्यांवर जाऊ शकते, तिला १० धरू नका. जळणाबरोबर धूरही मोजा. जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ ची मर्यादा धुराडं नसलेल्या चुलीला पीएम २.५ साठी (धुरातले अतिसूक्ष्म कण) मिनिटाला ०.२३ मिलिग्रॅम आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी ०.१६ ग्रॅम आहे. लाकडाच्या चुलीला ती गाठणं फार कठीण जातं, म्हणून आकडा लपवू नका. एका चाचणीवर निकाल देऊ नका, निदान पाच घ्या. त्यातल्या दोन अर्धवट वाळलेल्या, जाड लाकडावर घ्या, आणि चूल पेटवायला अशी व्यक्ती बोलवा जिने ती आधी पाहिलेली नाही. तिला काही सांगू नका. ती लाकूड कुठे आणि किती कोंबते ते बघून टिपून ठेवा.