कांदाचाळीसाठी बाभूळ कापताना आऱ्याचा पट्टा कसा निवडावा

उन्हाळ कांद्याची काढणी मार्च-एप्रिलवर असली, तरी कांदा साठवण्याच्या चाळीचे खांब, वासे आणि फळ्या यांची सोय पौष-माघातच करून ठेवावी. आत्ता कापलेल्या लाकडाला सावलीत थप्पी लावून सुकण्यासाठी दोन-अडीच महिने मिळतात, आणि काढणीच्या धांदलीत ओंडके घेऊन गिरणीच्या दारात उभे राहण्याची सवड कोणालाच नसते. नाशिक जिल्ह्यातील येवला, चांदवड, सिन्नर या भागांत हे लाकूड बहुधा बांधावरच्या बाभळीचे किंवा कडुनिंबाचे असते, तर सुरगाणा-पेठकडे सागाचे. येथे मुख्यतः बाभळीचा विचार केला आहे, कारण आऱ्याचे, म्हणजे लाकूड कापण्याच्या यंत्राचे, दातेरी पट्टे सर्वांत जास्त तीच खराब करते.

निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरला आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटू लागल्या, की ‘थंडीसाठी वेगळा पट्टा घ्यावा का’ अशी विचारणा होते. थंडीच्या पट्ट्याचा हा सल्ला मुळात कॅनडा, फिनलंड यांसारख्या देशांतला आहे. तेथे आठवडेच्या आठवडे तापमान शून्याखाली राहते आणि ओंडक्यातील पाण्याचा बर्फ होऊन लाकूड कमालीचे कडक बनते. त्याचा भुसा पिठासारखा बारीक पडतो, दात्यांच्या बाजूने निसटतो आणि फळीवर पुन्हा गोठून बसतो. त्याहून त्रासदायक ठरतो तो बाहेरून गोठलेला आणि आतून मऊ राहिलेला ओंडका, कारण कडक भागातून मऊ भागात शिरताना पट्टा रेषा सोडतो आणि फळीवर लाटा उमटतात. म्हणून तेथील कारागीर कठीण गोठलेल्या लाकडासाठी कमी कलाच्या, म्हणजे पुढे कमी झुकलेल्या, दात्यांचा पट्टा लावतात आणि त्याचे सेटिंगही, म्हणजे दाते बाजूंना वाकवण्याचे मापही, थोडे कमी ठेवतात. आपल्याकडे पहाटेच्या दोन-तीन तासांच्या गारठ्याने गवतावरचे दव गोठेल, पण दीड फूट जाडीचा ओंडका गोठत नाही. तेव्हा थंडीच्या नावाखाली वेगळा पट्टा विकत घेण्याचे कारण नाही.

मात्र तोच कमी कलाचा पट्टा नाशिक जिल्ह्यात दुसऱ्या कारणाने उपयोगी पडतो. तोडून वर्षभर उन्हात पडलेली बाभूळ जवळजवळ गोठलेल्या लाकडासारखीच वागते. त्यामुळे पट्टा निवडताना झाडाच्या जातीपेक्षा ओंडक्यातील ओल आधी पाहावी, असे आमचे मत आहे. यासाठी यंत्राची गरज नाही. ओंडक्याच्या टोकाजवळ हाताच्या करवतीने थोडे कापून भुसा मुठीत दाबावा. गोळा झाला तर लाकूड ओले आहे आणि पिठासारखा बोटांतून गळाला तर सुके आहे. कापायचा भाग टोकापासून किमान वीतभर आत असावा, कारण टोके नेहमीच आधी सुकतात आणि फसवतात.

दात्याचा कल म्हणजे दाता पुढच्या बाजूला किती झुकलेला आहे ते. कल जितका जास्त, तितका दाता लाकडात आपणहून घुसतो. मऊ किंवा ओल्या लाकडात त्याने काम झपाट्याने होते. कठीण लाकडात मात्र तोच दाता ओढला जाऊन पट्टा खाली किंवा वर पळतो. नुकत्याच तोडलेल्या बाभळीला, कडुनिंबाला किंवा सुबाभळीला १० अंशांचा पट्टा ठीक चालतो. अर्धवट सुकलेल्या किंवा गाठाळ लाकडाला ७ अंशांचा आणि पूर्ण सुकलेल्या बाभळीला ४ अंशांचा पट्टा घ्यावा. एकच पट्टा घेण्याची ऐपत असेल, तर ७ अंशांचा घ्यावा. ओल्या लाकडात तो थोडा हळू चालतो, एवढाच तोटा.

सेटिंग, म्हणजे दाते आळीपाळीने दोन्ही बाजूंना किती वाकवले आहेत ते, ओल्या लाकडासाठी प्रत्येक बाजूला सुमारे ०.६ मिलिमीटर आणि सुक्या कठीण लाकडासाठी सुमारे ०.४५ मिलिमीटर असावे. धार लावणारे मिस्त्री पुष्कळदा सगळ्या पट्ट्यांना एकच माप देतात, म्हणून पट्टा देतानाच कोणते लाकूड कापायचे आहे ते सांगावे. कापलेल्या फळीवर भुशाचा थर चिकटून राहत असेल तर सेटिंग जास्त झाले आहे. पट्टा तापून लाकडाला करपल्याचा वास येत असेल तर सेटिंग कमी पडते आहे किंवा धार गेली आहे.

छोट्या आडव्या आऱ्यांवर सव्वा इंच रुंदीचा आणि सुमारे १.०७ मिलिमीटर जाडीचा पट्टा लावावा. जाड पट्टा सरळ चालतो हे खरे, पण लहान चाकांवरून सतत वाकल्याने तो लवकर तडकतो आणि इंजिनाची ताकदही अधिक मागतो. दोन दात्यांमधले अंतर सात सूत, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर, हे सर्वसाधारण कामाला पुरते. यंत्र कमी ताकदीचे असल्यास सहा सूत घ्यावे.

बांधावरच्या झाडांचा खरा धोका लोखंडाचा असतो. कुंपणाची तार, खिळा किंवा द्राक्षबागेचा ताण बांधलेली जुनी कडी झाड वर्षानुवर्षे सालीखाली गिळत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बाभळीच्या बाबतीत एक खूण मात्र बहुधा मिळते. ज्या टॅनिनमुळे, म्हणजे तुरट द्रव्यामुळे, तिची साल चामडे कमावण्यासाठी वापरली जाई, त्याच टॅनिनशी लोखंडाचा संयोग होऊन लाकडात निळसर काळा डाग पडतो. आमच्याच बांधावरच्या एका ओंडक्याच्या बुंध्याकडील टोकाला असा बोटभर डाग होता आणि तो पाणी मुरल्याचा समजून आम्ही दुर्लक्ष केले. तिसऱ्या फळीला काटेरी तारेचे दोन पीळ निघाले, आणि त्याच सकाळी चढवलेल्या नव्या पट्ट्याचे दाते हातभर लांबीत सपाट झाले. तेव्हापासून बुंध्याकडचा कमरेइतका भाग आम्ही वेगळा काढतो आणि तो जुन्या, उतरत्या पट्ट्यावरच कापतो. कार्बाइडच्या (अतिशय कठीण पण ठिसूळ पदार्थाच्या) टोकांचे महाग पट्टे सागासाठी जरूर घ्यावेत, कारण सागातील सिलिका, म्हणजे वाळूतला कठीण घटक, साध्या दात्यांची धार लवकर घालवते. परंतु बांधावरच्या झाडासाठी ते घेऊ नयेत, कारण लोखंडावर आदळताच ती टोके तुटतात.

साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर ही झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार ती तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते. आरा चालवण्यासाठी वनविभागाचा परवानाही लागतो, हे शेतकरी गटाने मिळून यंत्र घेण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

काळ्या मातीतून ओढून आणलेला ओंडका आधी धुवावा किंवा त्याची साल तासून टाकावी. सालीतल्या मातीने पट्ट्याची जितकी धार जाते, तितकी लाकडानेही जात नाही. पट्ट्यावर साबणाच्या पाण्याची बारीक धार चालू ठेवावी, म्हणजे बाभळीचा चीक साचत नाही. सलग दीड-दोन तास कापल्यावर पट्टा बदलावा. बोथट पट्टा तसाच रेटला तर दात्यांमधल्या खाचेत बारीक चीर पडते आणि ती पुढे पट्टा तोडते. संध्याकाळी काम संपताच पट्ट्याचा ताण सैल करावा, कारण दिवसभर तापलेला पट्टा रात्रीच्या गारठ्यात आखडतो आणि ताण तसाच ठेवला तर पट्ट्यावर व चाकांवर विनाकारण भार येतो.