फ्रेटर (मालवाहू) विमानाची ऑर्डर देताना या चुका टाळा

सहारच्या कार्गो शेडमध्ये रात्री पॅलेट (माल रचून विमानात चढवायचे सपाट पाट) बांधत असतात, तेव्हा अर्धा तास उभं राहून बघा. तयार कपड्यांची खोकी रचत रचत थर जवळजवळ तीन मीटरवर जातो, वर आणखी एक खोकं बसत नाही, जाळी ताणून आवळतात आणि काट्यावर आकडा येतो अडीच टनांच्या आसपास. त्या पॅलेटची मर्यादा असते ६,८०४ किलो. शेजारी चाकणहून आलेले यंत्रांचे सुटे भाग. ते कमरेएवढे रचले न रचले तोच वजनाची मर्यादा संपते. विमान निवडण्याचं निम्मं गणित या दोन पॅलेटांत आहे.

म्हणून सगळ्यात महाग चूक म्हणजे नुसते टन बघून विमान ठरवणं. बोइंग ७७७ फ्रेटर सुमारे १०२ टन माल उचलतं, आत जागा साधारण ६५० घनमीटर. घनमीटरला १५७ किलोच्या आसपास माल असेल तरच वजन आणि जागा बरोबर भरतात. तुमचा माल १२० किलोचा असेल तर ७८ टनांतच विमान गच्च. उरलेल्या २४ टनांच्या ताकदीचे पैसे तर मोजलेले असतातच. हलक्या मालाचं भाडं घनमीटरला १६७ किलो धरून लागतं, त्यामुळे जमेच्या बाजूला हा तोटा दिसतही नाही. उपाय कष्टाचा आहे, पण दुसरा नाही: मागच्या दोन-तीन वर्षांची एअरवे बिलं (हवाई मालाच्या पावत्या) काढा, मार्गागणिक आणि महिन्यागणिक घनता मांडा. एप्रिल-मेचा हापूस आणि वर्षभराची औषधं यांची सरासरी काढून काहीच कळत नाही.

दुसरी चूक तेजीत ऑर्डर देण्याची. एरवी जगातला जवळपास निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. २०२० मध्ये ती विमानं जमिनीवर बसली, भाडी भडकली आणि फ्रेटरसाठी रांग लागली. २०२३ पर्यंत प्रवासी विमानं परतली होती, भाडी घसरली होती आणि तेजीत मागवलेली विमानं तेव्हा कुठे हाती येत होती. ऑर्डर आणि ताबा यांत वर्षं जातात, म्हणून हप्त्याचं गणित सगळ्यात पडत्या भाड्यावर करून बघा. तिथे टिकलं तरच सही करा.

कागदावरच्या विमानाच्या तारखेवर विसंबू नका. फेडएक्सने १० ए३८० फ्रेटर मागवली होती. उशीर वाढत गेला तेव्हा २००६ मध्ये ती ऑर्डर रद्द करून १५ बोइंग ७७७ फ्रेटर घेतली. एअरबसचं ए३५० फ्रेटर २०२१ मध्ये जाहीर झालं तेव्हा २०२५ सांगितलं होतं, ते २०२७ वर गेलं. बोइंगचं ७७७-८ फ्रेटरही मागे सरकलं. प्रवासी विमानाचं फ्रेटर करून घेणं स्वस्त पडतं, पण तिथेही वाट बघावी लागते: ७७७-३००ईआरच्या रूपांतराची घोषणा २०१९ ची, परवानगीची वाट २०२५ पर्यंत. करारात उशिराची भरपाई लिहून घ्या, आणि नवं विमान दारात येईपर्यंत जुन्याची लीज सोडू नका.

परतीच्या मालाबद्दल थोडक्यात. मी पाहिलेल्या एका प्रस्तावात जाताना आणि येताना सारखाच माल धरला होता. मुंबईहून औषधं भरून गेलेलं विमान परत काय आणणार, याचं एकाही एजंटकडून लेखी आश्वासन नव्हतं. तो आकडा आधी मिळवा.

आणि धावपट्टीची वेळ! मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे वापरता येत नाहीत. स्लॉट (उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ) मिळेल असं गृहीत धरून ऑर्डर देऊ नका. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, पण तुमचा माल, कस्टम एजंट आणि शीतगृह कुठे आहे ते बघूनच तिकडे वळा.

ऑर्डर देऊन झाली आणि बाजार पडला, तर गप्प बसून वाट बघू नका. ताब्याआधीचे हप्ते जितके कमी भरलेले, तितकी बोलणी सोपी. आधी पर्यायी विमानांचे (हवी तरच घ्यायची, अशा विमानांचे) हक्क सोडा, मग पक्क्या विमानांची तारीख पुढे मागा. तरीही विमान आलंच, तर वैमानिक, देखभाल आणि विम्यासकट ते दुसऱ्या कंपनीला भाड्याने द्या आणि ती बोलणी ताब्याच्या निदान सहा महिने आधी सुरू करा.