तपकिरी रंग गोष्टीतून: बालवर्गात नव्याने येणाऱ्या ताईंसाठी

बालवर्गात रंगांची ओळख सुरू झाली की लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग आपापल्या आठवड्यात थाटात येतात आणि तपकिरी मात्र वर्ष सरत आल्यावर राहिलेल्या कामांच्या यादीत सापडतो. कोल्हापुरात हे विशेष खटकते. ज्या गावात गुळाची मोठी बाजारपेठ आहे, ज्या गावाच्या नावाने चप्पल ओळखली जाते आणि जिथे तालमीतली माती आदराने कपाळाला लावतात, तिथल्या मुलांसाठी हा रंग बाहेरून आणावाच लागत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवणे हे माझे काम आहे, आणि या एका रंगाने मला बाकी सर्व रंगांहून अधिक दमवले आहे व आजही दमवतो. पुस्तक कसे धरावे आणि मुलांना अर्धवर्तुळात कसे बसवावे हे तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलेले असणार, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही.

प्रथम धीराचे बोलते. तुमच्या वर्गातल्या साडेतीन वर्षांच्या मुलाला तपकिरी ओळखता आला नाही, तर त्यात त्याचेही काही चुकलेले नाही आणि तुमचेही नाही. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या अभ्यासकांनी 1969 मध्ये अनेक भाषांमधील मूळ रंगनामांचा क्रम मांडला. त्यात काळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा आणि निळा यांच्यानंतर तपकिरीची पाळी येते. तो क्रम भाषांचा आहे, मुलांचा नव्हे. परंतु मुलांच्या बाबतीतही तपकिरी आणि राखाडी ही नावे उशिरा पक्की होतात, असे अभ्यासांत दिसलेले आहे. तेव्हा तपासणीला कोणी आले आणि रंगांच्या रकान्यात एक चौकोन कोरा दिसला, तर घाबरून जाऊन तो घाईने भरू नका.

उशीर होण्याचे एक कारण तर पुस्तकातच दिसते. चित्रपुस्तकातला तपकिरी रंग बहुधा मागे उभा असतो: झाडाचे खोड, रस्ता, कौले, कुंपण, चिखल. मुलांची नजर आधी तोंडांवर, मग हलणाऱ्या वस्तूंवर जाते, आणि खोडाकडे कोणी पाहत नाही. म्हणून पुस्तक निवडताना मी एकच गोष्ट बघते. तपकिरी वस्तूने गोष्टीत काहीतरी केले पाहिजे. चिमणी घरटे बांधते, अस्वल मधासाठी झाडावर चढते, कुंभार चाकावर माती ठेवतो, चिखलात बैलगाडी रुतते, अशा प्रसंगांत रंग आपोआप कथेच्या मध्यभागी येतो. पानभर तपकिरी वस्तूंची चित्रे आणि खाली त्यांची नावे, एवढेच असलेले पुस्तक मी वाचनासाठी घेत नाही. ते पाहण्याचे पुस्तक आहे, ऐकण्याचे नव्हे. पुस्तके विकत घेण्याची ऐपत सर्वच बालवाड्यांना नसते, हे मला ठाऊक आहे. 1850 साली सुरू झालेले करवीर नगर वाचन मंदिर आपल्या गावात आहे, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुक्त परवान्याची मराठी चित्रपुस्तके विनामूल्य मिळतात. मात्र ती छापून घ्यायची असतील तर रंगीतच छापून घ्या. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तपकिरी अस्वल आणि राखाडी हत्ती यांच्यातला फरक नाहीसा होतो आणि मग आपण मुलांना न दिसणारी वस्तू दाखवत बसतो.

पहिल्या वाचनात रंगाचे नावही काढू नये, असे माझे मत आहे. मुलांना गोष्ट कळू द्यावी; गाडी रुतली, मग काय झाले, कोण आले, एवढेच असावे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाचनाला, गोष्ट मुलांच्या तोंडी यायला लागल्यावर, वाचनाच्या ओघातच रंग यावा, आणि तोही वस्तूच्या नावानंतर यावा. ‘हा चिखल बघा, हा तपकिरी आहे’ असे म्हटले की मुलाची नजर आधी चिखलावर स्थिरावते आणि मग रंगाचे नाव तिथे जाऊन बसते. एखादे मूल ‘चॉकलेटी’ म्हणाले, दुसरे ‘मातकट’ म्हणाले, तर ते शब्द तसेच स्वीकारावेत आणि शेजारी आपला शब्द ठेवावा. प्रत्येक पान उलटताना ‘हा कोणता रंग?’ असे विचारणाऱ्या ताई मला दिसतात, तेव्हा त्या वाचत नसून परीक्षा घेत आहेत असे वाटते. आणि मुलांनाही ते लगेच कळते, कारण ती चित्र सोडून ताईंच्या चेहऱ्यावर उत्तर शोधू लागतात.

आता ज्या एका सापळ्यात मी अडकले आणि जो टाळणे सोपे असूनही नवीन माणूस त्यात हमखास पाय टाकतो, त्याविषयी विस्ताराने लिहिते. हल्ली पुष्कळ वर्गांत मोठा टीव्ही किंवा प्रोजेक्टर असतो. पुस्तकाची एकच प्रत असली की पानांचे फोटो काढून ते पडद्यावर दाखवण्याचा मोह होतो. चित्र ठळक दिसावे म्हणून खिडक्यांचे पडदे ओढले जातात, दिवे बंद केले जातात, आणि फोटो नीटनेटका दिसावा म्हणून पानाचा पांढरा समासही कापून टाकला जातो. अशा अंधाऱ्या वर्गात चिखलाने भरलेले पान लावून मी ‘तपकिरी’ म्हणाले, तेव्हा पुढच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “बाई, हे नारंगी हाय की.” मी त्याला दुरुस्त केले. शेजारची मुलगीही नारंगीच म्हणाली, तिलाही दुरुस्त केले. पुढच्या पानापासून वर्ग गप्प झाला. पुढे कारण समजून घेतले, तेव्हा कळले की मुलांचे बरोबर होते.

कारण असे आहे. तपकिरी रंग इंद्रधनुष्यात नाही आणि तपकिरी प्रकाश असा वेगळा काही नसतो. नारंगी रंग आजूबाजूच्या उजेडाच्या मानाने बराच मंद असला, की आपले डोळे आणि मेंदू त्याला तपकिरी म्हणून पाहतात. म्हणजे हा रंग ओळखण्यासाठी त्याच्या शेजारी काहीतरी अधिक उजळ दिसावे लागते: पांढरा कागद, खिडकीतला उजेड, ताईंच्या साडीचा फिका काठ, काहीही चालते. टीव्हीच्या पडद्यावर तर लाल, हिरवा आणि निळा असे तीनच प्रकारचे ठिपके असतात. तपकिरी दाखवताना लाल मध्यम, हिरवा त्याहून कमी आणि निळा अगदी थोडा पेटतो, आणि हे प्रमाण साधारण नारंगीचेच असते, फक्त मंद केलेले. भोवती अंधार असला आणि पांढरा समासही उरला नसला, तर ‘मंद’ हे कशाच्या तुलनेत ठरवायचे? मुलांच्या डोळ्यांसमोर तेव्हा खरोखरच नारंगी चिखल असतो. मोठ्या माणसाला आधीच माहीत असते की चिखल तपकिरी असतो, म्हणून तो पाहण्याआधीच ठरवून मोकळा होतो. लहान मूल जे दिसते ते सांगते.

यावर विश्वास बसत नसेल तर घरी करून पाहा. मोबाइलचा संपूर्ण पडदा एकाच तपकिरी रंगाने भरा, उजेड पूर्ण वाढवा आणि रात्री खोलीतले दिवे घालवून त्याकडे बघा. मग दिवा लावून मोबाइलशेजारी पांढरा कागद धरा. पडद्यावर काहीही बदललेले नसताना रंग बदललेला दिसेल. म्हणून वर्गात टीव्हीचा किंवा प्रोजेक्टरचा पडदा वापरायचाच असेल तर खिडक्या उघड्या ठेवा आणि पानाचा पांढरा समास कापू नका; आणि शक्य असेल तर पडदा वापरूच नका, खरे पुस्तक पांढऱ्या चादरीवर ठेवून दिवसाच्या उजेडात वाचा. हे शास्त्र मुलांना समजावण्याची काहीही गरज नाही. ते ताईंना माहीत असले म्हणजे पुरते, कारण मग एखादे मूल ‘नारंगी’ म्हणाले तर आपण त्याला गप्प करण्याऐवजी पुस्तक उचलून खिडकीशी नेतो आणि “आता कसे दिसते?” असे विचारतो. दोन्ही वेळचे उत्तर बरोबर असू शकते, आणि चार वर्षांच्या मुलाला ते मान्य करायला आपल्याइतका त्रास होत नाही.

जवळच्या वाटांबद्दल माझी मते थोडी कडक आहेत. ‘तपकिरी दिवस’ ठरवून सर्वांना त्या रंगाचे कपडे घालून बोलावणे हा प्रकार मुलांसाठी नसून फोटोंसाठी असतो. पालक आदल्या रात्री दुकाने पालथी घालतात आणि मुलाला दुसऱ्या दिवशी फक्त गळ्याला टोचणारा सदरा आठवतो. व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरणाऱ्या रंग भरण्याच्या तयार कागदांचेही तेच. त्यात खोड तपकिरीच रंगवायचे असते, आणि बाहेर अंगणातल्या पेरूच्या खोडावरचे हिरवट-पांढुरके पट्टे पाहिलेल्या मुलाची पंचाईत होते. अनुभवी ताईंचा सल्ला जरूर घ्यावा, पण जी ताई आल्याआल्या पाठांतराचा तक्ता हातात देते तिच्यापेक्षा, जी तुमच्या वाचनाच्या वेळी मागे बसून कोणते मूल कोणत्या पानावर पुढे सरकले ते टिपून ठेवते, ती खरी मार्गदर्शक समजावी. मला अशा एकच बाई भेटल्या. त्या फार थोडे बोलत.

पुस्तकातला रंग वस्तूपर्यंत नेण्याचे काम मात्र टाळता येत नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तू हेच साधन मानले. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू करून शिक्षण भोवतालच्या जगण्याशी जोडले. त्यांच्या मानाने आपले काम लहानसे आहे. पण बैलगाडीची गोष्ट वाचल्यावर मातीचा बैल मुलांच्या हातात द्यावा, एवढे आपल्यालाही जमते. ओली माती गडद दिसते, वाळल्यावर फिकी होते, भाजल्यावर तांबूस होते, आणि ही तिन्ही रूपे गंगावेशीच्या कुंभार गल्लीत सहज मिळतात. चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्यामुळे त्याला तो रंग येतो, हे चपलेची नवी आणि जुनी जोडी शेजारी ठेवून सांगता येते. राधानगरीच्या जंगलातल्या गव्याचे चित्र तर फारच उपयोगी पडते: पिल्लू उजळ तपकिरी, मोठा नर जवळजवळ काळा, आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा गुडघ्याखालचा भाग. एकाच प्राण्यात इतक्या छटा असल्यावर ‘तपकिरी म्हणजे नेमका हाच’ असा एकच नमुना भिंतीवर चिकटवण्याची इच्छा राहत नाही.

गुळाविषयी थोडे अधिक सांगते, कारण इथे पालकांशी बोलावे लागते. काहिलीत रस उकळताना भेंडीचा चीक घालून मळी काढतात, रस आटत जातो तसा रंग गडद होतो, आणि जमीन, ऊस व गुळव्याचा हात यांनुसार प्रत्येक आधणाची छटा वेगळी येते. बाजारात पिवळाधमक गूळ चांगला समजला जातो आणि तो रंग आणण्यासाठी पुष्कळदा हायड्रॉस नावाचे रंग उजळवणारे रसायन वापरतात. गुऱ्हाळाच्या गोष्टीनंतर मुलांना घरून गुळाचा लहान खडा आणायला सांगितले की पिवळ्यापासून काळपटापर्यंतची सगळी रांग सतरंजीवर उभी राहते. आणि कोणाची तरी आई दुसऱ्या दिवशी विचारते की आमचा गूळ काळा म्हणून मुलगा हिरमुसला, असे का? तेव्हा हे कारण तुमच्या तोंडी तयार असावे.

याच धाग्यावर त्वचेचा रंग येतो आणि तो येणारच, तुम्ही योजना केलेली असो वा नसो. चित्रातल्या मुलीच्या हाताशेजारी कोणीतरी आपला हात ठेवते. इथे मी स्पष्ट सांगते: मुलांचे हात एका रांगेत ठेवून गडद कोणाचा आणि उजळ कोणाचा, अशी तुलना कधीही करू नये, ती कितीही शैक्षणिक वाटली तरीही. ज्या मुलीला घरी ‘उन्हात जाऊ नकोस, काळी होशील’ असे रोज ऐकावे लागते, तिच्यासाठी ती तुलना शिक्षण नसते. त्याऐवजी लाल, पिवळा आणि निळा रंग बशीत देऊन ज्याला त्याला आपल्या हाताजवळ जाणारी छटा बनवू द्यावी; निळा फार झाला तर ती काळवंडते, पिवळा वाढवला तर उजळते, आणि प्रत्येक मूल आपल्याच बशीत इतके गुंतते की शेजारी बघायला त्याला सवड नसते. खडूच्या पेटीतल्या फिक्या गुलाबी खडूला मुले ‘स्किन कलर’ म्हणतात. मी रागावत नाही, ‘कोणाचा?’ एवढेच विचारते आणि तो फिका गुलाबी म्हणून परत देते.

वेळापत्रकाबद्दल शेवटचे. तपकिरी रंगाला एकच आठवडा देऊ नका. जून-जुलैत बेंदराच्या सुमारास माती आणि बैलाच्या गोष्टी वाचाव्यात, कारण तेव्हा मातीचे बैल बाजारात असतात. दिवाळीनंतर गुऱ्हाळे सुरू झाली की गुळाची गोष्ट घ्यावी. उन्हाळ्याच्या तोंडावर वाळलेली पाने आणि जंगलातले प्राणी घ्यावेत. मधल्या महिन्यांत मुले हा रंग विसरली आहेत असे वाटले, तरी पुन्हा पहिल्यापासून शिकवायला बसू नका. जुनेच पुस्तक उघडून वाचा आणि कोण काय म्हणते ते ऐका. आणि गुळाचे खडे वाचन संपेपर्यंत झाकणाच्या डब्यातच ठेवा, नाहीतर सतरंजीवर मुंग्या येतात आणि मग गोष्टीकडे कोणाचेही लक्ष राहत नाही.