कोलोनोस्कोपीच्या आधी पेज नको

माझ्या थोरल्या जाऊबाईंना शौचाच्या वेळी रक्त पडायचं. मूळव्याध समजून त्यांनी सुरणाची भाजी आणि ताक यांवर आठ महिने काढले. निदान झालं तेव्हा कर्करोगाची गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर पोचली होती. त्या वर्षी मी ४८ची झाले. मला कसलाही त्रास नव्हता, पण कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, त्रास नसतानाही करायची असते. आतड्यात आधी पॉलिप, म्हणजे मांसाचा लहानसा कोंब येतो. त्यांतल्या काहींचाच पुढे कर्करोग होतो, आणि त्यालाही बहुधा दहाएक वर्षं लागतात. तेवढ्या काळात तो कोंब काढला की तिथलं संकट टळतं.

म्हणून पंचेचाळिशी उलटली की डॉक्टरांकडे आपणच विषय काढा. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार झाला असेल तर चाळिसाव्या वर्षीच विचारा. सरकारी कर्करोग तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख येतात. आतड्यासाठी कोणी बोलावणार नाही. कोलोनोस्कोपीला मन धजत नसेल तर शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी 'फिट' चाचणी दरवर्षी करता येते. मात्र ती पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी चुकत नाही.

माझी पहिली खेप वाया गेली. दवाखान्याने दिलेल्या कागदावर एवढंच होतं: 'तीन दिवस हलका आहार.' गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरात हलकं म्हणजे उकड्या तांदळाची पेज, जोडीला तांबडी भाजी, जेवणानंतर वाटीभर सोलकढी. मी श्रद्धेने तेच खाल्लं. उकड्या तांदळाचा कोंडा आणि भाजीचे देठ आतड्याच्या घड्यांत बसून राहिले, आणि कोकमाचा लाल रंग तर कॅमेऱ्यात रक्तासारखा दिसतो. आतडं किती स्वच्छ आहे याला बॉस्टन मापाने ९ पैकी गुण देतात. निदान ६ हवेत. मला ४ मिळाले. सगळं पुन्हा करावं लागलं. कागदावर दोन ओळी जास्त असत्या तर ते टळलं असतं, म्हणून त्या ओळी इथे लिहिते.

तीन दिवस आधीपासून पांढरा सुरय तांदूळ, मैद्याचा पाव, अंडं, उकडलेला मासा, साल काढलेला बटाटा. पोळी, पोय (कोंड्याचा पाव), पालेभाजी, अळसांदे (चवळी), पेरू, टोमॅटो, काकडी बंद. आणि नारळ बंद! हुमणात (माशाच्या आमटीत) वाटलेला, भाजीवर किसलेला, कुठल्याच रूपात नको. चोथा मागे राहतो. आपल्या स्वयंपाकघरात हेच सर्वांत अवघड. मी तीन दिवस माझं ताट वेगळंच रांधलं. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारे द्रव: शहाळ्याचं पाणी (त्यात चोथा नसतो), गाळलेलं लिंबू सरबत, दूध न घातलेला चहा, गाळलेलं चिकन सूप. लाल-जांभळं काही नको.

लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणारी गोळी आणि मधुमेहाचं औषध मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांनाच विचारा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर तोही आधी सांगा. त्यावरून आतडं साफ करायचं जुलाबाचं औषध ठरतं.

औषधाची पूड दोन लिटर पाण्यात कालवतात. चव खारट, बुळबुळीत. मी ते फ्रीजमध्ये गार केलं आणि दर पंधरा मिनिटांनी एकेक पेला घेतला. अर्धं संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या पाच तास आधी. दुसरा अर्धा भाग टाळू नका. आतडं खरं त्यानेच निवळतं. शेवटी गाळ नसलेलं, पिवळसर पाणी पडलं पाहिजे. नाही पडलं तर निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करून सांगा. सुरुवातीलाच खोबरेल लावून ठेवा, त्वचा सोलवटत नाही. पाऊसदिवसांत वीज जाते, तेव्हा बादल्या भरून ठेवा, टॉर्च हाताशी ठेवा.

तपासणी बांबोळीच्या इस्पितळात, सकाळी दहाला. पहाटे औषध पिऊन डिचोलीहून तासाभराचा प्रवास मला झेपला नसता. मी आदल्या दुपारीच ताळगावला बहिणीकडे गेले. लांबून येणाऱ्यांनी अशी सोय जरूर बघावी. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, कार्ड असेल तर तुमची तपासणी त्यात बसते का, ते तारीख घेतानाच विचारा.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, हाताला सुई, आणि झोप. अर्ध्या तासाने जागी झाले तेव्हा पोट वाऱ्याने फुगलं होतं. तो वारा सोडायला लाजू नका, परिचारिका तेच सांगतात. या खेपेला ८ गुण होते. सहा मिलिमीटरचा एक पॉलिप तारेच्या फासाने काढला, मला कळलंही नाही. अहवालात नळी सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचली का, ते वाचून घ्या. सगळं स्वच्छ असेल तर बहुधा दहा वर्षांनी यायचं. मला पाच वर्षांनी बोलावलं आहे.

सोबत माणूस हवंच, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही. ताप आला, पोटात जोरात दुखू लागलं किंवा जास्त रक्त पडलं तर थेट इस्पितळ गाठा. पॉलिप काढला असेल तर दोन आठवड्यांपर्यंत रक्त पडू शकतं. माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही. दुपारी बहिणीने मऊ भात आणि माशाचं हुमण वाढलं, नारळ घातलेलं.