न्यायालयातील वैज्ञानिक पुरावा आणि मानसशास्त्र: या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

गुन्हेगाराच्या मनाविषयीचे कुतूहल घेऊन न्यायालयीन मानसशास्त्राकडे येणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात, आणि आरोपीवरची नजर काही काळ न्यायाधीशांच्या आसनाकडे वळवा, असा आग्रह मी त्या सर्वांना करते. प्रयोगशाळेचा अहवाल ज्यांच्यासमोर ठेवला जातो ते त्याला किती वजन देतात, आणि ते वजन त्यातील विज्ञानामुळे ठरते की भाषेमुळे, आकड्यांमुळे किंवा मनात आधीच जुळलेल्या हकीकतीमुळे, हा प्रश्न मला या शाखेतील सर्वांत निकडीचा वाटतो.

माझे लक्ष या प्रश्नाकडे पुण्यातील एका खटल्यामुळे गेले. जून २००८ मध्ये तेथील सत्र न्यायालयाने एका खुनाच्या निकालात इतर पुराव्यांबरोबर ‘बीईओएस’ या चाचणीचाही आधार घेतला. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून संशयिताला गुन्ह्याविषयीची विधाने ऐकवायची आणि त्या घटनेचा प्रत्यक्ष अनुभव त्याच्या स्मृतीत आहे का, हे मेंदूतील विद्युत्‌लहरींवरून ठरवायचे, अशी ही पद्धत आहे. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचण्या संमतीशिवाय करण्यास मनाई केली. त्या निकालाचा मुख्य पाया मात्र स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क आणि व्यक्तिस्वातंत्र्य हा होता. मेंदूचे नाव घेतले की माणसाचा विश्वास का वाढतो, याचे उत्तर मानसशास्त्रालाच शोधावे लागते. डीना वाइसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्येच दाखवले की, सदोष स्पष्टीकरणात मेंदूविषयी एखादे असंबद्ध वाक्य घातले तरी सामान्य वाचकांना ते अधिक समाधानकारक वाटते. मेंदूविज्ञानाचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकणारे विद्यार्थीही त्याला बळी पडले. तज्ज्ञ मात्र पडले नाहीत. हा निष्कर्ष नवोदितांनी विशेष लक्षात ठेवावा.

कायद्याच्या पुस्तकांआधी सशर्त संभाव्यता, म्हणजे एक गोष्ट घडली आहे हे माहीत असताना दुसरी खरी असण्याची शक्यता, शिका. ती का शिकायची, हे इंग्लंडमधील सॅली क्लार्क यांच्या खटल्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. त्यांची दोन तान्ही मुले एकामागून एक दगावली आणि १९९९ मध्ये त्यांना दोघांच्या खुनाबद्दल दोषी ठरवण्यात आले. बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्षीत सांगितले की, अशा कुटुंबात दोन बालकांचा आकस्मिक मृत्यू होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक आहे. एका मृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये एक धरून तिचा वर्ग केल्यावर हा आकडा आला होता. म्हणजे एकाच घरातील दोन मृत्यूंचा आनुवंशिकतेने किंवा परिस्थितीने परस्परांशी काही संबंध असू शकतो, हे त्यात गृहीतच धरले नव्हते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ऐकणाऱ्याच्या मनात तो आकडा ‘ही स्त्री निर्दोष असण्याची शक्यता’ म्हणून उतरण्याचा धोका होता. वास्तविक आईने दोन मुलांचा खून करणे हेही अत्यंत विरळच असते आणि तुलना या दोन विरळ शक्यतांमध्येच व्हायला हवी. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या आकड्याविरुद्ध जाहीर निवेदन काढले. जानेवारी २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली, कारण एका मुलाच्या जंतुतपासणीचे निष्कर्ष बचावपक्षापासून दडून राहिल्याचेही उघड झाले. हे प्रकरण मी आजही अस्वस्थ झाल्याशिवाय शिकवू शकत नाही.

या क्षेत्रातील बरेचसे संशोधन अमेरिकेतील नकली ज्यूरींवर, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाची भूमिका प्रयोगापुरती करणाऱ्यांवर, झालेले आहे. आपल्याकडे ज्यूरी नाही. न्यायाधीश निकाल देतात आणि कारणेही लिहितात, त्यामुळे ते निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येत नाहीत. तरी प्रशिक्षित मन आपोआप सुरक्षित असते, असेही समजू नये. मार्गारेट कोव्हेरा आणि ब्रॅडली मॅकॉलिफ यांनी २००० मध्ये फ्लोरिडातील न्यायाधीशांना एका मानसशास्त्रीय प्रयोगाची निर्दोष आणि सदोष अशी वेगवेगळी वर्णने वाचायला दिली, तेव्हा प्रयोगातील दोषांमुळे पुरावा दाखल करून घेण्याच्या त्यांच्या निर्णयात फारसा फरक पडला नाही.

आपल्या सत्र न्यायालयांत काही दिवस मागच्या बाकावर बसा. सुनावणी सामान्यतः खुली असते. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, ज्याला तेथे सगळे ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, तो पुष्कळदा विश्लेषकाला साक्षीला न बोलावताच निशाणी क्रमांक देऊन वाचला जातो, कारण कायदा तशी मुभा देतो. उलटतपासणीच झाली नाही तर या पद्धतीत चूक किती वेळा होते, हे कोण विचारणार? प्रयोगशाळेला मुद्देमालाबरोबर जाणाऱ्या पत्रात गुन्ह्याची थोडक्यात हकीकत लिहिलेली असते, हेही पाहा. इटिएल ड्रोर यांनी २००६ मध्ये पाच ठसेतज्ज्ञांना, त्यांनीच पूर्वी जुळलेले ठरवलेले ठसे, ते चुकीचे जुळवल्याच्या प्रसिद्ध प्रकरणातील आहेत असे सांगून पुन्हा दाखवले, तेव्हा चौघांनी आपले मत बदलले. तज्ज्ञाला काय सांगू नये, हाही अभ्यासाचा विषय आहे.

पहिला प्रकल्प लहान ठेवा. एकच डीएनए अहवाल ‘जुळतो’ या शब्दात आणि संभाव्यतेच्या भाषेत असा दोन प्रकारे लिहा, विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे दोन गट करून प्रत्येकाला एक द्या, आणि आरोपीविषयी मत विचारण्याआधी हा अहवाल नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. माझ्या अनुभवात त्या उत्तरांतून हाती लागणारी सामग्री टक्केवारीपेक्षा समृद्ध असते. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, आणि चालू खटल्यातील अहवाल कधीही वापरू नका.