ट्रान्सफर केस बदलायची, तर आधी चाकाला ओंडके लावा

माझ्या ट्रकची ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्समागची पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी, बिघडली आणि चूक माझीच होती. इथे मिनेसोटात तळ्याकाठचा उतार शेवाळलेला असतो. बोटीचा ट्रेलर वर ओढायला मी फोर-हायचं (चारही चाकांना ताकद देणारं) बटण दाबायचो आणि कोरड्या हायवेला लागल्यावर ते परत टू-हायला (फक्त मागच्या चाकांना ताकद) आणायचं विसरायचो. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, पण फोर-हायमध्ये त्यांना फिरवणारे दोन्ही शाफ्ट (लांब दांडे) एकमेकांना जखडलेले असतात. ओल्या मातीत चाकं थोडी घसरतात आणि पीळ सुटतो. कोरड्या डांबरावर तो सुटत नाही, सगळा ट्रान्सफर केसच्या आतल्या चेनवर येतो. माझी चेन ताणली गेली आणि जोर लावला की दात्यांवरून उडी मारून 'कडाक' वाजायला लागली. टू-हायमध्ये मात्र सगळं चिडीचूप. तेल काढलं तर करडं, चमचमतं.

गाडी २००४ ची शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० पिकअप. ट्रान्सफर केस २४६ मॉडेलची. ते मागच्या गोल पत्र्याच्या टॅगवर लिहिलेलं असतं, जुना माल घ्यायला जाताना त्याचा फोटो काढून न्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आत शिरणाऱ्या शाफ्टचे दाते मोजा. माझ्या ४एल६०-ई गिअरबॉक्सला २७ दाते लागतात, जड गाड्यांच्या गिअरबॉक्सला वेगळे. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं दिसतात. जुनी घेताना मागच्या कवचाचा वरचा भागही टॉर्चने बघा. आतला ऑइल पंप घासून तिथे बारीक भोक पडतं. ते वर असल्यामुळे उभ्या गाडीतून थेंब पडत नाही, चालत्या गाडीतून तेल उडून जातं. एन्कोडर मोटर (बटण दाबलं की टू-हाय, फोर-हाय बदलणारी) केसबरोबरचीच घ्या, जुळवाजुळव वाचते.

आता ओंडके. 'पार्क'मध्ये ठेवली म्हणून गाडी थांबते हा भ्रम आहे. 'पार्क' फक्त गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टला धरतो. मागचा शाफ्ट काढला की चाकांना धरणारं कोणी नाही. माझा ड्राइव्हवे थोडा उताराचा आहे, म्हणून ट्रेलर सोडवून, पार्किंग ब्रेक लावून, चाकांना दोन्हीकडून ओंडके लावले आणि मगच जॅक स्टँडवर घेतली. एवढं करूनही गाडीखाली शिरण्याआधी एकदा जोरात हलवून बघतो. बायको हसते, हसू दे.

टू-हायला आणा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, तेल काढा. ते आधीच काढायचं, नाहीतर मागचा शाफ्ट ओढताच उरलेलं बाहीत येतं. दोन्ही शाफ्टना आणि त्यांच्या फ्लँजना रंगाच्या पेनने खुणा करा, परत तसेच बसवायचे आहेत. वायरींचे कनेक्टर आणि वरची हवेची नळी सोडवा. कनेक्टरची क्लिप जुनी झाली की कडक होते, घाई केली तर मोडते.

गिअरबॉक्सच्या शेपटाला वेगळा आधार द्या, केसखाली ट्रान्समिशन जॅक लावून पट्ट्याने बांधा. ही छातीवर पेलायची वस्तू नाही. वरच्या नटांवर माझा अख्खा शनिवार गेला. लांब एक्स्टेन्शन आणि हलणारा जोड नसेल तर कामाला हात घालू नका.

बसवताना नवं गॅस्केट. दाते जुळत नसतील तर बोल्ट आवळून केस ओढून घेऊ नका, शाफ्ट हाताने थोडा फिरवा, आपोआप सरकतो. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला. तेल निळं ऑटो-ट्रॅक २, साधारण दोन लिटर. भरायच्या भोकातून बाहेर यायला लागलं की थांबा.

चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले आहेत ना, ते बघा. पहिली चाचणी खडीच्या रस्त्यावर घ्या. मी रात्रभर खाली पुठ्ठा अंथरून ठेवला होता. सकाळी तो कोरडा दिसल्यावरच बोट जोडली.