सासरे शेजारी बसलेत आणि पोलचा प्रश्न स्क्रीनवर आहे

ज्येष्ठांच्या दीर्घकालीन देखभालीवर बोलायला बडोद्यातल्या एखाद्या मराठी मंडळाने बोलावलं, तर समोर कोण असणार हे धरूनच चाला. पंच्याहत्तरीचे काका, शेजारी सून, मागच्या रांगेत सुटीला आलेला पुण्याचा मुलगा. ज्यांची देखभाल व्हायची ते आणि जिला ती करायची ती, दोघं खुर्चीला खुर्ची लावून. दांडिया बाजार, रावपुरा भागात मी अशी सत्रं घेते. समाजकार्य शिकून नव्याने या कामात येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं की सत्रात श्रोत्यांची मतं तिथल्या तिथे घ्यायला पोलचे प्रश्न लिहिण्याआधी त्या खुर्च्या डोळ्यांसमोर आणा.

‘आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवणं योग्य आहे का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या मसुद्यात असतो. तो खोडा. सगळे ‘नाही’ दाबतात, टाळ्या पडतात आणि तुमच्या हाती काही लागत नाही. माझी कसोटी साधी आहे: निकाल असा आला काय नि तसा आला काय, पुढे मी तेच बोलणार असेन, तर ती स्लाइड ठेवायची कशाला?

त्याऐवजी तिऱ्हाईताची गोष्ट द्या. एक काकू, वय ७८. खुब्याचं ऑपरेशन झालंय, उठायला आधार लागतो. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. दुपारी बारा ते पाच त्यांच्याजवळ कोण? पर्याय देताना बहुतेक जण ‘घरातलं कुणीतरी’ असं लिहून मोकळे होतात. तसं लिहू नका, कारण त्या ‘कुणीतरी’च्या मागे नेहमी सूनच असते. ‘सुनेने नोकरी सोडावी’ आणि ‘मुलाने नोकरी सोडावी’ हे दोन वेगळे पर्याय ठेवा, सोबत ‘ब्युरोची बाई’ (म्हणजे पगारी देखभाल करणारी), ‘शेजारी’, ‘दिवसभराचं केंद्र’ आणि ‘सुचत नाही’. शेवटचा पर्याय विसरू नका. तो नसला की लोक काहीतरी दाबून सुटका करून घेतात. सून आणि मुलगा हे दोन पर्याय वेगळे झाले की सभागृहात जी कुजबुज सुरू होते, ती थांबवायची घाई करू नका. सत्र खरं तिथे सुरू होतं.

एक अडचण मात्र कुठल्याही ॲपच्या मदत-पानावर नसते. एका घरातले तिघं येतात आणि फोन बाहेर निघतो एकाचाच, बहुधा मुलाचा. मत घराचं म्हणून नोंदलं जातं, पण असतं फोनवाल्याचं. मेंटीमीटर, स्लायडो किंवा गूगल फॉर्म, काहीही वापरा, यातून सुटका नाही. नाजूक प्रश्नाला मी कागदाच्या चिठ्ठ्या वाटते: छापील पर्याय, एक खूण, घडी घालून डब्यात. स्वयंसेवकांना ताकीद द्या की ‘आजी, मी दाबते, तुम्ही फक्त सांगा’ हे बंद. आजी मग मोठ्याने तेच सांगणार जे सुनेला ऐकायला बरं वाटेल. फोनवर मतदान असेल तर ते संपेपर्यंत निकाल झाकून ठेवा, नाहीतर मागचे लोक आलेखातला सगळ्यात मोठा खांब बघून तोच पर्याय दाबतात. काउंटडाउन आणि गुणतालिका तर बंदच ठेवा.

देखभाल म्हणजे आजारपण, हा समज मोडायला अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ यांची रोजच्या कामांची १९६३ सालची यादी फार कामाची आहे: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, उठबस, लघवी-शौचावर ताबा, जेवण. ‘तुमच्या घरी यातल्या कशाला मदत लागते?’ असं विचारा आणि एकाहून जास्त खुणा करू द्या. शौचाचा पर्याय पहिला ठेवलात तर लोक संकोचतात, म्हणून मध्ये घाला. शब्द घरातलेच ठेवा. त्याला जोडून मानसशास्त्रज्ञ लॉटन यांच्या १९६९ च्या यादीतली औषधं, पैशाचे व्यवहार, फोन, बाजारहाट हीही घ्या. ‘आमचे बाबा अगदी ठणठणीत’ म्हणणारे इथे हमखास दोन-तीन खुणा करतात.

माहितीचा प्रश्न एखादाच असावा, पण खिशाला हात घालणारा. ७० वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये घेतलं आहे. घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यातून निघतो का? निघत नाही. ५ लाखांचं संरक्षण इस्पितळात दाखल होण्यासाठी आहे, आणि घरी आल्यावर फार तर १५ दिवसांची औषधं-तपासण्या. देखभाल मात्र वर्षानुवर्षं चालते. या निकालानंतर ‘महिन्याला किती बाजूला काढाल?’ हा विषय आपोआप निघतो. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याबद्दलही विचारता येतं, मुलांकडून महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये निर्वाहखर्च मिळू शकतो वगैरे. पण ‘घर मुलाच्या नावावर केलंय का?’ हे पोलमध्ये आणू नका. त्या दिवशी ते सगळे एकाच रिक्षाने घरी जाणार असतात.

दिसण्याबद्दल थोडक्यात. अक्षर मोठं, ओळींत अंतर जास्त, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. पर्याय लांब असतात म्हणून खांब आडवे घ्या. लाल-हिरव्याऐवजी निळा-नारिंगी, कारण लाल-हिरवा फरक न दिसणारे पुरुष बारापैकी एक तरी असतात. क्यूआर कोडचा ठोकताळा अंतराच्या एक दशांश, म्हणजे शेवटची रांग बारा मीटरवर असेल तर पडद्यावर कोड जवळजवळ सव्वा मीटरचा हवा. तेवढी जागा कुठून आणणार? कागदावर छापून खुर्च्यांवर ठेवा. इथली तरुण पिढी गुजराती शाळेत शिकलेली असते, तेव्हा मराठीखाली गुजरातीही द्या. वीस माणसांत टक्के दाखवू नका, ‘चार जण’ असंच लिहा. आणि पर्याय मोठ्याने वाचा, दोनदा.

शेवटच्या पोलमध्ये ‘सत्र कसं वाटलं?’ विचारू नका, ‘फारच छान’ म्हणायला सगळे तयारच असतात. ‘या आठवड्यात घरी कोणता एक विषय काढाल?’ असं विचारा: औषधं कोण देणार, पैसे, रात्रीची सोबत, बाथरूममधला दांडा. मतं येईपर्यंत खाली ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर, १४५६७, मोठ्या अक्षरात राहू द्या. काका तो वहीत उतरवून घेतात, म्हणून स्लाइड लगेच पुढे सरकवू नका.